पहिली वाईन निवडताना: सांगली-साताऱ्याच्या जिभेसाठी आणि इथल्या उन्हासाठी

मिरज, सांगली, कराड, सातारा, कुठल्याही पेठेत 'वाईन शॉप' अशी ठळक पाटी दिसते. आत पाहिलं तर नव्वद टक्के माल व्हिस्की, रम आणि बिअरचा असतो. खरी वाईन कोपऱ्यातल्या एका फळीवर धूळ खात उभी असते, कधी कधी दुपारच्या उन्हातच. नवखा माणूस तिथून लाल रंगाची, जरा भारदस्त नावाची बाटली उचलतो. वाईन 'खोलीच्या तापमानाला' प्यायची असं त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं, म्हणून मे महिन्यात चौतीस अंशांच्या खोलीत ती तशीच उघडतो आणि सोबत झणझणीत सुकं मटण घेतो. दुसऱ्या घोटाला तोंड वाकडं होतं. 'वाईन म्हणजे आंबट-कडू काढा' असा निकाल लागतो आणि पुन्हा तो त्या फळीकडं फिरकत नाही.

यात तीन चुका आहेत: सुरुवात अवघड वाईनपासून झाली, ती गरम होती आणि सोबतचं जेवण तिच्याशी जुळणारं नव्हतं. तिन्ही टाळता येतात आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. पुढचं सगळं एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. जे पीत नाहीत त्यांनी 'तब्येतीला चांगली' म्हणून वाईन सुरू करावी, असं आमचं अजिबात म्हणणं नाही.

द्राक्षं गोड, मग वाईन आंबट का?

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागातल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. उत्तर बागायतदाराच्या खिशातल्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे रसातली साखर मोजणाऱ्या यंत्रात आहे. ब्रिक्स हे त्या साखरेचं माप. खायची द्राक्षं साधारण १७-१८ ब्रिक्सच्या पुढं उतरवतात, तर वाईनची बहुतेक २१ ते २४ ब्रिक्सला. म्हणजे वाईनचं द्राक्ष उलट जास्त गोड असतं. पण यीस्ट ती साखर खाऊन तिचं अल्कोहोल करतं. एक लिटर रसातल्या सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का अल्कोहोल तयार होतं. ढोबळ हिशेब करायचा तर ब्रिक्सला ०.५५ नं गुणा: २२ ब्रिक्सच्या रसातून १२ टक्क्यांची वाईन मिळते. साखर संपते, द्राक्षातला आंबटपणा तसाच राहतो आणि आता त्याला झाकायला गोडी नसते.

दुसरा फरक सालीचा. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका ही आपली द्राक्षं पातळ सालीची, बिनबियांची, खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी उत्तम. वाईनची द्राक्षं बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात. लाल वाईन सालीसकट आंबवतात. तिचा रंग सालीतून येतो. तुरटपणा साल आणि बिया दोन्हीकडून येतो. पांढऱ्या वाईनमध्ये साल आधीच वेगळी काढतात, म्हणून ती तुरट लागत नाही. नवख्यानं पांढऱ्यापासून सुरुवात करावी, याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

राज्यानं २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यातून पलूसला कृष्णा व्हॅली वाईन पार्क आणि नाशिककडं विंचूरला दुसरं पार्क उभं राहिलं. तरी बाटलीबंद वाईनचं मोठं केंद्र नाशिकच राहिलं. आपल्या दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बाटल्या नाशिक परिसरातल्या, अकलूजजवळच्या किंवा बंगळूरकडच्या नंदी टेकड्यांच्या भागातल्या असतात.

बाटली घेण्याआधी स्वयंपाकघरात दहा मिनिटं

वाईनच्या चवीचं वर्णन वाचायला गेलं की ब्लॅककरंट, गूजबेरी, सीडर अशी न पाहिलेली फळं आणि झाडं पुढं येतात. ती बाजूला ठेवा. चार गोष्टी ओळखता आल्या की पुरे: गोडी, आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोलची ऊब. मराठीत 'तुरट' हा शब्द आहे, ही आपली मोठी सोय आहे. जांभूळ, आवळा, सुपारी, कच्चं केळं खाऊन ती चव आपण लहानपणीच शिकलेलो असतो.

१. अर्धा कप पाण्यात दोन चमचे चहा पावडर घालून पाच मिनिटं उकळा. दूध-साखर नको. गार झाल्यावर एक घोट तोंडात फिरवा. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडून ओढल्यासारखी होते, तो टॅनिनचा, म्हणजे चहात आणि द्राक्षाच्या साल-बियांत असणाऱ्या द्रव्याचा तुरटपणा. हा प्रकार तुम्हाला सहन होत असेल, कोरा चहा आवडत असेल, तर लाल वाईन लवकर आवडेल.

२. पेलाभर पाण्यात अर्धं लिंबू पिळा, साखर-मीठ नको. घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडांनी लाळ सुटते. हा आंबटपणा. तुरट चव तोंड सुकवते आणि आंबट चव पाणी सोडते. या दोन्हींत गल्लत झाली की 'कडू लागली' असं म्हटलं जातं आणि पुढची बाटलीही चुकीची घेतली जाते.

३. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा साखर, म्हणजे साधारण ४ ते ५ ग्रॅम, विरघळवून पाहा. जवळजवळ काहीच गोड लागत नाही. 'ड्राय' वाईनमध्ये इतपतच साखर उरलेली असते. ड्राय म्हणजे कोरडी नव्हे, ड्राय म्हणजे अगोड. साधारण १२ ते ४५ ग्रॅम असेल तर मध्यम गोड आणि त्यापुढं गोड. तुलनेसाठी, कोला पेयात लिटरमागं शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते.

४. ताक, दूध आणि बासुंदी यांच्या जिभेवरच्या वजनात फरक जाणवतो ना? वाईनमध्ये 'बॉडी' म्हणतात ती तीच. नवख्याला ताक ते दूध एवढंच वजन पुरे.

पहिल्या सहा बाटल्यांची चढण

एकदम सहा आणू नका. दर महिन्याला एक, दोन-तीन जणांत वाटून, असा वेग बरा. क्रम मात्र शक्यतो हाच ठेवा, कारण प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलते आणि जीभ ती पकडू शकते.

पहिली: शेनिन ब्लांक, किंचित गोड. ही मूळची फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली जात, पण महाराष्ट्रात चांगली रुळली आहे. सुलाची शेनिन ब्लांक या गटात मोडते आणि छोट्या गावातल्या दुकानातही बहुधा मिळते. पिकलेल्या पेरूसारखा, केळ्यासारखा वास, थोडी गोडी, मध्यम आंबटपणा. पहिल्यांदाच पिणाऱ्या दहा माणसांना दिली तर बहुतेकांना चालेल अशी एकच वाईन सांगायची झाली, तर ही.

दुसरी: रोझे. लाल द्राक्षाची साल रसात फक्त काही तास ठेवून काढलेली गुलाबी वाईन. झिन्फन्डेल रोझे सहज मिळते. तुरटपणाची अगदी पुसट ओळख इथं होते. ही 'बायकांची वाईन' असा एक गैरसमज आहे. आपल्या तिखट जेवणाला इतकी चालणारी दुसरी वाईन शोधून सापडत नाही, त्यामुळं त्या गैरसमजात नुकसान पुरुषांचंच होतं.

तिसरी: सॉव्हिन्यॉं ब्लां. इथं गोडी जाते आणि आंबटपणा पुढं येतो. हिरव्या मिरचीचा, ताज्या कापलेल्या गवताचा, कच्च्या पेरूचा वास. कैरीला मीठ-तिखट लावून खाणाऱ्याला ही लगेच पटते. शेनिननंतर ही आवडली नाही तर तुमचा कल गोडाकडं आहे. त्यात कमीपणा काही नाही. परत दुसऱ्या पायरीवर जा आणि तिथंच महिना-दोन महिने रमा.

चौथी: स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची. इथं लेबलावरचा एक सापळा लक्षात ठेवा. 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रुट'पेक्षा गोड असते. ब्रुटमध्ये लिटरमागं १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७, आणि 'डेमी-सेक' त्याहून बरीच गोड, ३२ ते ५०. नवख्यानं एक्स्ट्रा ड्राय किंवा डेमी-सेक घ्यावी. पूर्ण बाटली नको असेल तर कॅनमधली, कमी अल्कोहोलची बुडबुड्यांची वाईनही मिळते. चव पाहायला ती स्वस्त पडते.

पाचवी: हलकी लाल. मर्लो, किंवा फार लाकडात न मुरवलेली शिराझ. शिराझमध्ये जांभळाचा आणि काळ्या मिरीचा वास येतो. हा मिरीचा भास नुसता भास नाही. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीत असतं तेच या द्राक्षाच्या सालीतही असतं.

सहावी: जास्त तुरट, वजनदार लाल. कॅबर्ने-शिराझ मिश्रण किंवा सांजोव्हेसे. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, फ्रातेल्लीची सांजोव्हेसे या इथल्या ओळखीच्या बाटल्या. बहुतेक लोक चुकून इथूनच सुरुवात करतात.

लेबलावर 'रिझर्व्ह' लिहिलेलं असेल तर वाईन बहुधा ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली असते. लाकूड स्वतःचा तुरटपणा आणि व्हॅनिलासारखा वास देतं. पाचव्या पायरीपर्यंत या शब्दापासून लांब राहा.

आता 'पोर्ट' नावाच्या स्वस्त, गोड, गडद बाटलीबद्दल. अनेकांची पहिली वाईन तीच असते. अस्सल पोर्ट पोर्तुगालच्या डौरो खोऱ्यातली, ब्रँडी घालून १९ ते २२ टक्क्यांपर्यंत नेलेली. आपल्याकडं त्या नावानं मिळते ती गोड लाल वाईन, वेगळीच वस्तू. वाईट म्हणता येणार नाही, पण साखर इतकी असते की बाकी काहीच कळत नाही. पोर्टवरून थेट कॅबर्नेवर गेलात तर धक्का बसेल. मध्ये वरच्या पायऱ्या घ्या.

महाबळेश्वर-पाचगणीला गेलात तर फळांच्या वाईनही दिसतील, स्ट्रॉबेरीची वगैरे. त्या बहुधा गोड आणि सोप्या असतात. गार करून मजेत प्याव्यात, पण त्यावरून द्राक्षाच्या वाईनचा अंदाज येत नाही. शेजारच्या फळीवरचा क्रश किंवा सिरप म्हणजे वाईन नव्हे. घाईत लाल रंग बघून उचलू नका, लेबलावर अल्कोहोलची टक्केवारी आहे का ते पाहा.

दुकानात काय पाहायचं

इथं आमचं ठाम मत आहे: सांगली-साताऱ्यात ब्रँड निवडण्याआधी दुकान निवडा. एप्रिल-मे महिन्यात दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. महिनाभर तिशीच्या वर राहिलेली वाईन शिजते, तिचा ताजा वास उडतो आणि उकडलेल्या फळासारखी चव उरते. हजार रुपयांची शिजलेली बाटली सहाशेच्या नीट ठेवलेल्या बाटलीपुढं टिकत नाही.

वाईन दुकानाच्या आतल्या, अंधाऱ्या भागात किंवा फ्रीजमध्ये आहे का ते बघा. काचेच्या दर्शनी भागातली, रोज ऊन खाणारी बाटली नको म्हणा आणि 'आतल्या खोक्यातली द्या' असं सांगा. दुकानदार बहुधा देतात. बाटली हातात घेतली की मान तपासा. बूच असेल तर ते काठाच्या वर आलेलं नसावं. तसं असेल तर आतली वाईन तापून फुगलेली आहे. बुचाच्या कडेनं चिकट ओघळ असेल तर बाटली परत ठेवा. दोन बाटल्या शेजारी धरून वाईनची पातळी पाहा, जास्त भरलेली घ्या. पांढरी वाईन पारदर्शक बाटलीत असेल तर रंग बघा: फिकट पिवळा, हिरवट छटेचा चांगला. सोनेरी-तपकिरी, गुळाच्या पाण्यासारखा असेल तर ती जुनी झाली आहे.

झाकण फिरवायचं असेल तर खूश व्हा. फिरकी झाकण म्हणजे हलका माल हा समज चुकीचा आहे. पांढरी आणि रोझे ताजी ठेवायला ते बुचापेक्षा सरस ठरतं, आणि ओपनरही लागत नाही.

लेबलावर वर्ष पाहा. आपल्याकडं छाटणी दोन वेळा होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. वाईनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात तीच काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. त्यामुळं आपल्या पांढऱ्या वाईन पावसाळ्याच्या आसपास बाजारात येऊ लागतात आणि दिवाळीला अगदी ताज्या असतात. पांढरी आणि रोझे काढणीच्या वर्षापासून दोन वर्षांत संपवावी, साधी लाल तीन-चार वर्षांत. 'जुनी तेवढी चांगली' हे जगातल्या फार थोड्या वाईनना लागू आहे. हजाराच्या आतबाहेरच्या बाटलीला तर नाहीच.

आयात वाईनबद्दल एक हिशेब. परदेशी वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क राहिलं, वर राज्याचे कर आणि वाहतूक. दीड हजाराच्या आयात बाटलीत प्रत्यक्ष वाईनचा वाटा फार थोडा उरतो. सुरुवातीच्या सहाही बाटल्या देशी घ्या. तेवढ्या पैशात त्या सरसच निघतात.

हॉटेलच्या परमिट रूममध्ये ग्लासनं वाईन मागवण्याआधी 'बाटली कधी उघडली?' एवढं विचारा. उत्तर अडखळत आलं तर बिअर मागवा.

घरी नेताना बाटली गाडीच्या डिकीत विसरू नका. उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान पन्नाशीपर्यंत सहज जातं. दुकानाची फेरी शेवटची ठेवा.

गार किती, आणि किती वेळात

'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा नियम युरोपातल्या थंड दगडी घरांचा. तिथली खोली म्हणजे १६-१८ अंश. विटा गावातली मे महिन्यातली खोली म्हणजे त्याच्या दुप्पट. गरम लाल वाईनमध्ये अल्कोहोल नाकात जातं, फळाचा वास दबतो आणि घशात जळजळ होते. ती वाईन नुसती गार केली तरी तिच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

लाल १५ ते १८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते ११, स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांवर प्यावी. थर्मामीटर नको. वेळ सांभाळा. 'लाल वाईन अर्धा तास फ्रीजमध्ये' हा सल्लाही वीस-बावीस अंशांच्या खोलीचाच आहे आणि आपल्याकडं तो अपुरा पडतो. बाटली चौतीस अंशांवर असेल तर फ्रीजमध्ये लाल वाईन दीड ते दोन तास ठेवा आणि पांढरी साडेतीन ते चार तास. डिसेंबरच्या संध्याकाळी खोली चोवीसच्या आसपास असेल तर लालला पाऊण-एक तास आणि पांढरीला अडीच-तीन तास पुरतात. बाटली फ्रीजच्या दारात नको, आत आडवी ठेवा. दार उघडझाप होत राहिलं की तिथं गारवा टिकत नाही.

पाहुणे दारात आले आणि बाटली गरम असेल तर: छोट्या बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन मुठी मीठ घाला. पाणी वगळू नका. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणीच टेकतात, पाणी सगळीकडून लागतं. लाल दहा मिनिटांत तयार होते, पांढरी वीस-पंचवीस. लाईट गेली असेल आणि बर्फ नसेल तर सुती फडकं माठातल्या पाण्यात भिजवून बाटलीला गुंडाळा आणि वाऱ्याच्या झोतात ठेवा. माठ ज्या तत्त्वावर गार होतो तेच इथं चालतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत तासाभरात लाल वाईन काही अंशांनी उतरते, पावसाळ्यात मात्र हा उपाय चालत नाही. फ्रीझरमध्ये ठेवलीच तर पाऊण तासाचा गजर लावा. विसरलात तर वाईन गोठून फुगते आणि बूच उडतं किंवा बाटली तडकते.

उघडणं, ओतणं, चाखणं

फिरकी झाकणाचा खालचा पट्टा एका हातात घट्ट धरून दुसऱ्या हातानं बाटली फिरवा. बुचाला साधा दुमडता ओपनर बरा. टोक मधोमध टेकवून सरळ फिरवत न्या, शेवटचा वेढा बाहेर ठेवा म्हणजे बुचाचे तुकडे खाली पडत नाहीत. मग तरफ काठावर टेकवून सावकाश वर ओढा. बूच तुटलं तर उरलेला तुकडा आत ढकला आणि वाईन चहाच्या गाळणीतून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या. चवीला काही होत नाही.

स्पार्कलिंगला मात्र जपून. आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट. बाटली नीट गार करा, हलवू नका. तार सोडल्या क्षणापासून अंगठा बुचावरून काढू नका. बाटली तिरकी धरून, बूच स्थिर ठेवून बाटली फिरवा. फुस्स असा बारीक आवाज आला की जमलं. लग्नाच्या व्हिडिओतल्यासारखा धमाका केलात तर वाईन जमिनीवर, आणि बूच कुणाच्या तरी डोळ्यात.

ग्लास मध्ये फुगीर आणि वर जरा निमुळता असावा. तो नसेल तर काचेचा कुठलाही पातळ पेला चालेल. स्टीलचा नको, त्यात रंग दिसत नाही आणि धातूची चव मध्ये येते. एक तृतीयांशच भरा, म्हणजे १२० ते १५० मिलि. ७५० मिलिची बाटली पाच ग्लासांची. ग्लास हलका फिरवा, नाक आत घालून वास घ्या. मग छोटा घोट तोंडात तीन-चार सेकंद फिरवून गिळा. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. दात घासल्यावर किंवा कॉफीनंतर लगेच चाखली तर चांगली वाईनही वाईट लागते.

एक हिशेब इथंच सांगायला हवा, कारण 'वाईन म्हणजे ज्यूस' असं बिनधास्त बोललं जातं. १२.५ टक्क्यांच्या १५० मिलि ग्लासात जवळजवळ १९ मिलि शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलि पेगमध्ये १३ मिलिच्या आसपास. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड छोटा पेग झाला. एक ग्लास घेतला तरी गाडीची किल्ली दुसऱ्याकडं द्या. उपाशीपोटी पिऊ नका, आणि प्रत्येक ग्लासामागं तेवढंच पाणी प्या.

पांढऱ्या वाईनमध्ये बर्फ घातला तर कुणी कोर्टात खेचत नाही. निम्मी वाईन, निम्मा सोडा आणि बर्फ, असं पेय जर्मनीत उघडपणे पितात. कडक उन्हाळ्यात शेनिनचं असं पेय छान जमतं आणि अल्कोहोलही निम्म्यावर येतं.

जेवण: इथंच सगळं जुळतं किंवा बिघडतं

मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. त्यात टॅनिन आलं की तोंडात आग, कोरडेपणा आणि कडवटपणा एकत्र येतात. म्हणून तिखटासोबत तीन गोष्टी बघा: अल्कोहोल कमी, गोडी थोडी, वाईन अगदी गार.

सांगलीचं भडंग घ्या. लसूण, तिखट, शेंगदाणे, तेल, कुरकुरीतपणा. त्याला गार शेनिन किंवा स्पार्कलिंग. बुडबुडे तेल धुऊन काढतात आणि खारटपणाला आंबट वाईन बरी लागते. कांदाभजी, बटाटेवडा, पाचगणीकडची मक्याची भजी, सगळ्या तळणाला हाच न्याय.

तांबड्या रश्शाला खरं तर वाईन हरते. घ्यायचीच तर गार रोझे, आणि रस्सा जरा बेतानं. पांढरा रस्सा मात्र वेगळा. नारळाचं दूध, खडा मसाला, तीळ-काजू, तिखट कमी. तिथं शेनिन सुरेख बसते. कमी तिखटाचं, तुपावर परतलेलं सुकं मटण असेल तर शिराझ काढा. चरबी आणि मीठ तुरटपणाला मऊ करतात. हे तपासून पाहायचं असेल तर लाल वाईनचा घोट घ्या, मग दोन खारे शेंगदाणे चावा, मग पुन्हा घोट. तीच वाईन वेगळी लागते.

चिंच-गुळाच्या आमटीला, कोकमाला, लिंबू पिळलेल्या तळलेल्या मासळीला सॉव्हिन्यॉं. नियम सरळ आहे, वाईन पदार्थाइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट होते. वांग्याचं भरीत, लोण्याचं थालीपीठ, तंदुरी चिकन, पनीर टिक्का यांना रोझे. कारलं आणि मेथी लाल वाईनजवळ नेऊ नका, कडूवर कडू चढतं. ठेचा-भाकरीला कुठलीच वाईन नाही. त्याला ताकच.

गोडाबाबत वाईन पदार्थाहून गोड हवी. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासोबत ड्राय लाल घेतली तर वाईन व्हिनेगरसारखी लागेल, दोष वाईनचा नसतानाही. लेट हार्वेस्ट शेनिन, म्हणजे वेलीवर उशिरापर्यंत ठेवून जास्त गोड झालेल्या द्राक्षाची वाईन, तिथं चालते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमसोबत तर ती अगदीच जमते. ६० मिलि पुरे.

बिघडलेली की तशीच असते?

ओल्या पोत्याचा, कुजक्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेलं आहे. ती वाईन सुधारत नाही. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरचा वास असेल तर आंबली. चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा मरगळलेला वास आणि तपकिरी रंग म्हणजे हवा लागली. अशी बाटली लगेच, भरलेली असतानाच दुकानात परत न्या. अर्धी पिऊन नेली तर कोण ऐकेल?

काडी विझल्यासारखा वास मात्र घाबरण्यासारखा नाही. बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी देतात, त्याच घराण्यातला हा वास. ग्लासात पाच-दहा मिनिटं फिरवली की बहुधा जातो. दमेकऱ्यांनी मात्र सल्फाइटबाबत, म्हणजे वाईन टिकवायला वापरतात त्या गंधकाच्या द्रव्याबाबत, सावध राहावं. बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला साखरेसारखे, काचेसारखे चमकणारे खडे दिसले तर तेही निरुपद्रवी. ते टार्टरिक आम्लाचे क्षार, गारव्यात खाली बसलेले. हेच आम्ल चिंचेतही असतं. शेवटचा बोटभर भाग न ओतता सोडला की झालं.

उरली तर

झाकण लावून लगेच फ्रीजमध्ये, लाल असली तरी. ओट्यावर ठेवलेली अर्धी बाटली आपल्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच उतरते. फ्रीजमध्ये पांढरी आणि रोझे तीन-चार दिवस, लाल तीन-पाच दिवस, स्पार्कलिंग जेमतेम एक दिवस टिकते. वाईनची वैरीण हवा आहे. म्हणून अर्धीच प्यायची ठरली असेल तर उघडल्या उघडल्या निम्मी वाईन स्वच्छ, कोरड्या ३७५ मिलिच्या बाटलीत काठोकाठ भरून झाकण लावा. आत हवा उरत नाही, आणि ती आठवडाभर बरी राहते. लाल वाईन पिताना परत पाऊण तास आधी बाहेर काढा, मे असेल तर पंधरा-वीस मिनिटं.

पिण्यालायक न उरलेली पण व्हिनेगर न झालेली लाल वाईन अर्धा किलो मटणाला १०० मिलि या प्रमाणात, आलं-लसणाबरोबर दोन तास लावून ठेवा. शिजवताना पहिली दहा मिनिटं झाकण उघडं राहू द्या. ड्राय वाईन घ्या. गोड वापरली तर तळाला करपते.